फाइल जागेवर, माणसं कुठूनही

महाराष्ट्रात जमिनीचे सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. त्यांचं संगणकीकरण गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झालं आणि पुढे तहसील कार्यालयांत छापील उतारे मिळू लागले. पण तलाठ्याच्या दप्तरातली हाताने लिहिलेली वही काही बंद झाली नव्हती. वारस नोंद, खरेदीखत, वाटणी, बँकेचा बोजा यांचे फेरफार सज्जावर वहीत चढायचे. तेच फेरफार संगणकात चढायला वेळ लागायचा, कधी चढताना आकडा चुकायचा, कधी एखादा राहूनच जायचा. अशा रीतीने एकाच गट क्रमांकाचे दोन सातबारे तयार झाले, आणि दोन्ही सरकारीच. कुठे क्षेत्र जुळेना, कुठे खातेदाराचं नाव जुळेना. हा गुंता सोडवण्यात महसूल खात्याची अनेक वर्षं गेली. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं: संगणकातला उतारा चावडीवर वाचून दाखवायचा आणि खातेदारांनी ऐकून चूक सांगायची. ‘एडिट’ आणि ‘रिएडिट’ अशा नावांच्या आज्ञावली वापरून संगणकातला सातबारा हस्तलिखिताशी जुळवून घेण्यात आला. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांच्या हाती येऊ लागला.

राज्याच्या पातळीवर घडलं म्हणून याची दखल घेतली गेली. छोट्या कार्यालयांत हेच रोज घडतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सभासदांची यादी मुख्य कार्यालयातल्या संगणकावर असते. बाहेरगावचा कर्मचारी ती व्हॉट्सॲपवर मागवतो, दोन नावं वाढवतो, परत पाठवतो. तोवर कार्यालयात कुणी वेगळीच तीन नावं वाढवलेली असतात. मग ‘यादी अंतिम’, ‘यादी अंतिम २’, ‘यादी अंतिम सरांनी तपासलेली’ अशी रांग लागते. लेखापरीक्षणाच्या वेळी यांतली खरी कुठली, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

फाइल पाठवली की तिची प्रत होते, आणि प्रत झाली की ती मूळ फाइलपासून दुरावू लागते. म्हणून या प्रकरणात मी एकच गोष्ट धरून चालणार आहे. फाइल हलवायची नाही. ती एका जागी राहील, आणि काम करणारा माणूस जिथे असेल तिथून तिच्यापर्यंत पोचेल.

कार्यालयातली पेटी

धाराशिव जिल्ह्याचे तालुके आठ. पश्चिमेकडे परंडा, भूम, वाशी, उत्तरेला कळंब, मध्यावर धाराशिव आणि तुळजापूर, आग्नेयेला लोहारा आणि उमरगा, आणि उमरग्याच्या पलीकडे लगेच कर्नाटक. जिल्हाभर काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेची माणसं एका छताखाली बसू शकत नाहीत. समजा, सोयाबीनची खरेदी करणारी एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. तिचं कार्यालय धाराशिव शहरात आहे, खरेदी केंद्र कळंबला, दोन कर्मचारी उमरगा-लोहारा भागात फिरतीवर आणि हिशेब पाहणारे सीए सोलापुरात. या सगळ्यांना सभासदांची यादी, सातबारे आणि आठ-अ, बँक पासबुकांच्या प्रती, वजनकाट्याच्या पावत्या, संचालक मंडळाचे ठराव असे तेच ते कागद पुन्हा पुन्हा लागतात.

अशा कार्यालयात एक पेटी बसवता येते. नेटवर्कवर जोडलेली साठवण असं तिचं काम. बाजारात तिला ‘नॅस’ म्हणतात. हा खरं तर पडदा आणि कीबोर्ड नसलेला एक छोटा संगणक असतो. त्यात दोन किंवा चार हार्ड डिस्क बसतात आणि एक केबल राउटरला जाते. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या तैवानच्या कंपन्यांच्या पेट्या आपल्याकडे सहज मिळतात. जुना धडधाकट संगणक असेल तर मोफत सॉफ्टवेअर टाकून त्याचीही अशी पेटी करता येते.

पेटी आणि कार्यालयातले संगणक एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिचं नाव एसएमबी. ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी रचली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये वाढवली. १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेराला शिकत असलेल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी केबलवरून जाणारे संदेश निरखून या भाषेचा उलगडा केला आणि स्वतःचा सर्व्हर लिहिला. त्यातूनच ‘सांबा’ हे मोफत सॉफ्टवेअर तयार झालं. आज बाजारातल्या बहुतेक पेट्यांच्या पोटात सांबाच चालतं. एका विद्यार्थ्याच्या चिकाटीवर जगभरातल्या लाखो छोट्या कार्यालयांची कपाटं उभी आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ही भाषा जन्मली ती एका इमारतीतल्या केबलसाठी. जोडलेली माणसं आपलीच आहेत आणि संदेश क्षणात पोचतो, या दोन गृहीतांवर ती उभी होती. कार्यालयात दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. इंटरनेटवर आलं की दोन्ही खोट्या ठरतात. पुढच्या सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पाच जणांचं काम असेल, फाइली लहान असतील आणि गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर भागत असेल, तर पेटीच्या वाटेला जाऊ नका. हजारो स्कॅन केलेली पानं, ड्रोनची छायाचित्रं, नकाशे किंवा व्हिडिओ असा मोठा साठा असेल, बहुतेक काम कार्यालयातच चालत असेल, आणि लोकांची कागदपत्रं दुसऱ्याच्या संगणकावर ठेवायची नसतील, तर पेटी घेण्यात अर्थ आहे.

बाहेरून ती का दिसत नाही

कार्यालयात बसून पेटी उघडते, उमरग्यातून उघडत नाही. पुष्कळांना हा पेटीचा दोष वाटतो. दोष पत्त्याचा असतो. पेटीचा आयपी ॲड्रेस १९२.१६८.१.५० असा काहीतरी असतो. हा पत्ता फक्त कार्यालयाच्या आत चालतो. असेच पत्ते जगातल्या कोट्यवधी घरांत आणि दुकानांत एकाच वेळी वापरात आहेत. बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा पत्ता. जुन्या वाड्याला टपालासाठी एकच घर क्रमांक असतो आणि आत वीस बिऱ्हाडं नांदतात, तसं हे आहे: पाकीट वाड्याच्या दारापर्यंत येतं, पण आत कुठल्या बिऱ्हाडाला द्यायचं हे त्यावर लिहिलेलं नसतं.

आता यात आणखी एक थर वाढला आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच. आशिया-पॅसिफिक विभागाच्या वाट्याचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये संपत आला. मग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवायला सुरुवात केली. या सोयीसाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पत्त्यांचा खास गट राखून ठेवण्यात आला. म्हणजे तुमचा राउटरसुद्धा आता कंपनीच्या मोठ्या राउटरच्या आत बसलेला असतो, आणि बाहेरून येणारी हाक तुमच्या दारापर्यंतही पोचत नाही. मोबाइल इंटरनेटवर तर हे सर्रास असतं. छोट्या शहरांतल्या फायबर जोडण्यांवरही पुष्कळदा असतं.

आपल्याकडे काय आहे हे तपासणं सोपं आहे. राउटरच्या पानावर ‘वॅन’ या नावाखाली जो पत्ता दिसतो तो लिहून घ्या. मग ‘माझा आयपी’ दाखवणारी कुठलीही वेबसाइट उघडा. दोन्हीकडे तोच पत्ता आला तर तुमच्या आणि जगाच्या मध्ये दुसरं कुणी नाही. वेगळा आला, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या गटातला निघाला, तर मध्ये कंपनीचा राउटर आहे. कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेता येतो. मात्र पुढे सांगितलेल्या एका पद्धतीत त्याचीही गरज पडत नाही.

धोक्याची वाट

इथे एक शॉर्टकट सुचवला जातो, आणि संगणक बसवून देणारे कारागीरही तो मनापासून सुचवतात: राउटरवर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करा, म्हणजे बाहेरून येणारी हाक थेट पेटीकडे वळेल. दहा मिनिटांत काम होतं. उमरग्यातला कर्मचारी खूश, सीए खूश. कृपा करून हे करू नका.

इंटरनेटवरचा प्रत्येक सार्वजनिक पत्ता यंत्रं दिवसरात्र ठोठावून पाहत असतात. जिल्हा कुठला आणि संस्था किती छोटी, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या एका खिंडारातून शिरला आणि काही दिवसांत दीडशेच्या आसपास देशांत पसरला. एप्रिल २०२१ मध्ये ‘क्यूलॉकर’ आला. इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या पेट्यांमधल्या फाइली त्याने पासवर्ड लावलेल्या गठ्ठ्यांत बांधून टाकल्या. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने त्याच प्रकारच्या हजारो पेट्या कुलूपबंद केल्या आणि प्रत्येक मालकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. या पेट्या मोठ्या कंपन्यांच्या नव्हत्या. घरांतल्या, छायाचित्रकारांच्या, दवाखान्यांच्या, लहान कार्यालयांच्या होत्या. बळी पडलेल्यांच्यात एक गोष्ट समान होती: त्यांची पेटी इंटरनेटवरून थेट दिसत होती.

आपल्याकडे अशा घटनेची कायदेशीर बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो. सभासदांची आधार कार्डं आणि पासबुकं सांभाळणाऱ्या संस्थेला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडेही डोळेझाक करता येणार नाही. शेतकऱ्याने विश्वासाने दिलेला कागद आपल्या हलगर्जीपणामुळे बाहेर गेला, तर त्याची भरपाई कुठल्याच दंडातून होत नाही.

बंदिस्त वाट

सुरक्षित मार्ग म्हणजे व्हीपीएन. पेटी इंटरनेटसाठी बंदच राहते. कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपपासून कार्यालयापर्यंत सांकेतिक लिपीत गुंडाळलेली एक खासगी वाट तयार होते, आणि तिच्यातून आल्यावर तो लॅपटॉप कार्यालयात बसल्यासारखाच वागतो. १९२.१६८ चा आतला पत्ता मग उमरग्यातूनही चालतो. मधल्या कुणी संदेश पकडला तरी त्याला काही वाचता येत नाही.

यासाठी दोन पर्याय माझ्या मते पुरेसे आहेत. पहिला वायरगार्ड. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला हा प्रोग्राम मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाला. तो लहान आहे, वेगवान आहे आणि अनोळखी हाकेला उत्तरच देत नाही. ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. सार्वजनिक पत्ता तुमच्या हातात असेल आणि राउटर हाताळणारा जाणकार माणूस असेल तर वायरगार्ड उत्तम. राउटरवर एक दार उघडावं लागतं खरं, पण त्या दारामागे पेटी उभी नसते.

दुसरा पर्याय टेलस्केलसारख्या सेवांचा. आत वायरगार्डच असतं. फक्त दोन्ही टोकांची गाठ घालून द्यायला मध्ये एक सेवा उभी असते. पेटी आणि लॅपटॉप दोघेही आतून बाहेर हाक मारतात. बाहेर जाणारी हाक राउटर सहसा अडवत नाही, त्यामुळे कंपनीच्या राउटरमागे बसलेल्यांचीही जोडणी होते. थेट जमलं नाही तर संदेश मधल्या सर्व्हरवरून जातो, पण सांकेतिकच राहतो. धाराशिवसारख्या ठिकाणी, जिथे सार्वजनिक पत्ता मिळेल याची खात्री नसते, तिथे मी याच वाटेने सुरुवात करायला सांगेन. पेटीवर टेलस्केल बसवायचं, प्रत्येक लॅपटॉपवर बसवायचं, प्रत्येकाला स्वतःचं खातं द्यायचं आणि त्या खात्याला मोबाइलवरची दुहेरी ओळख लावायची. मग विंडोजमध्ये टेलस्केलने पेटीला दिलेला पत्ता देऊन फोल्डर ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ने जोडला की ‘धिस पीसी’मध्ये एक नवा ड्राइव्ह दिसू लागतो. कर्मचाऱ्याला याहून जास्त काही शिकावं लागत नाही.

वायरगार्ड लावणाऱ्यांना एक खाचखळगा हमखास अडवतो. कार्यालयाचं जाळं १९२.१६८.१ ने सुरू होतं आणि कर्मचाऱ्याच्या घरचा राउटरही नेमके तेच आकडे वापरतो. मग लॅपटॉप पेटी शोधतो ती घरातच. व्हीपीएन ‘जोडलेलं’ दिसतं, फोल्डर काही उघडत नाही, आणि लोक उगाच पासवर्ड बदलत बसतात. पेटी बसवतानाच कार्यालयाच्या जाळ्याला १९२.१६८.७७ असा सहसा न आढळणारा आकडा देऊन टाकावा.

वेग किती मिळतो

इंटरनेटची जाहिरात खाली येणाऱ्या वेगाची असते. बाहेरून फाइल उघडताना मात्र कार्यालयाच्या वर जाणाऱ्या वेगावर सगळं अवलंबून असतं. तो सेकंदाला १० मेगाबिट असेल तर १ गिगाबाइटची फाइल उतरायला किमान १३ मिनिटं लागतात. एक-दोन मेगाबाइटचा सातबारा दोन सेकंदांच्या आत येतो. त्यामुळे साध्या कागदपत्रांना अडचण नाही, ड्रोनच्या व्हिडिओंना आहे.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे येण्याजाण्याचा वेळ. एसएमबी फार बोलकी भाषा आहे. एक फोल्डर उघडतानाही ती बरेच प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट पाहते. कार्यालयात ही वाट जाणवत नाही. मोबाइल नेटवर्कवर जाणवते. एकाच फोल्डरमध्ये चार हजार पावत्या कोंबल्या असतील तर उमरग्यातून तो उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. गाव आणि वर्षाप्रमाणे फोल्डर पाडले की पुष्कळ फरक पडतो.

हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र या वाटेने चालवूच नका. टॅली असो वा ॲक्सेसचा डेटाबेस, त्याची डेटा फाइल दूरवरून थेट उघडली आणि ऐन वेळी नेटवर्क गेलं तर फाइल बिघडू शकते. त्यासाठी कार्यालयात एक संगणक चालू ठेवावा आणि व्हीपीएनमधून त्याच्या पडद्यावर दूरवरून काम करावं. मग डेटा कार्यालयातच राहतो, वाटेवरून फक्त पडद्याचं चित्र येतं.

कुणी वाचायचं, कुणी लिहायचं

वाट तयार झाली म्हणजे काम संपलं असं पुष्कळ जण धरतात. माझ्या मते खरं काम इथे सुरू होतं, आणि त्याचा उत्तम नमुना महसुलाच्या कारभारातच सापडतो. तलाठी, म्हणजे आजच्या पदनामाने ग्राम महसूल अधिकारी, फेरफाराची नोंद घेतो. ती त्याला स्वतः प्रमाणित करता येत नाही. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकारी तपासून नोंद मंजूर किंवा नामंजूर करतो. लेखनातली चूक राहिली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशाने दुरुस्ती होते. उतारा पाहणं कुणालाही शक्य आहे. एकाच अभिलेखावर लिहिणारा, मंजूर करणारा, दुरुस्त करणारा आणि फक्त पाहणारा असे वेगवेगळे हात आहेत, आणि प्रत्येक हाताची खूण मागे राहते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत याच रचनेची पुढची पायरी दिसते. शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करता येऊ लागली. म्हणजे शेतात उभ्या असलेल्या माणसाला सरकारी अभिलेखात लिहिण्याचा अधिकार मिळाला, पण नेमका केवढा? फक्त गाव नमुना बारापुरता, फक्त स्वतःच्या गटापुरता. मालकी हक्काच्या नमुना सातला तो हात लावू शकत नाही. दूरवरून प्रवेश द्यायचा तो असा मोजून.

आपल्या कंपनीच्या पेटीतही हेच करावं. ‘सभासद’ फोल्डरमध्ये फिरतीवरच्या कर्मचाऱ्यांना वाचता येईल. नवे कागद ते ‘आवक’ फोल्डरमध्ये टाकतील, आणि कार्यालयातला एक माणूस तपासून जागी लावेल. ‘हिशेब’ लेखापालाला लिहिता येईल, सीएंना फक्त वाचता येईल. ‘ठराव’ फोल्डरमध्ये सचिवाखेरीज कुणी लिहिणार नाही. अधिकार माणसाच्या नावाने देण्याऐवजी गटाला द्यावेत: क्षेत्र, लेखा, संचालक. माणूस बदलला की त्याला गटातून काढायचं, दुसऱ्याला घालायचं. सगळ्यांना मिळून एकच ‘ऑफिस’ नावाचं खातं आणि त्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला, हा प्रकार फार ठिकाणी आढळतो. अशा खात्याने कुणी फाइल पुसली तर शोधायचं कुणाला? नोकरी सोडून गेलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, पेटीवरचंही आणि व्हीपीएनचंही. यात अविश्वास नाही. पुढे काही बिघडलं तर त्या माणसावर विनाकारण संशय येऊ नये यासाठीसुद्धा हे गरजेचं आहे.

मूळ कागदाची स्कॅन केलेली प्रत सगळ्यांसाठीच फक्त वाचण्याची ठेवावी. मराठवाड्यात या गोष्टीला वेगळं वजन आहे. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुने कागद उर्दूत आणि मोडीत सापडतात. जमिनीच्या वादात १९५४ चं खासरा पत्रक आजही आधाराला घेतलं जातं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत जुनी दप्तरं तपासली गेली, आणि सापडलेल्या नोंदी स्कॅन करून, देवनागरीत आणून लोकांसाठी खुल्या करण्याचा निर्णय झाला. जुन्या कागदाची एखादी ओळ किती कुटुंबांच्या आयुष्याला भिडते हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. असा स्कॅन कुणाच्या चुकीच्या क्लिकने बदलता कामा नये.

फाइलींच्या नावांबद्दल थोडं. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, आणि पुष्कळ कार्यालयांच्या संगणकांत दोन्ही नावांचे फोल्डर शेजारी शेजारी उभे राहिले. एक नाव ठरवा आणि दुसऱ्यातलं सगळं त्यात आणा, नाहीतर दोन सातबाऱ्यांची गोष्ट पुन्हा घडेल. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली तर फाइली आपोआप क्रमाने लागतात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या लॅपटॉपवर निव्वळ चिन्हांचा ढीग दिसतो. सामाईक फोल्डरमध्ये जाणारं सगळं मराठी युनिकोडमध्येच असावं.

दुसरी प्रत दुसऱ्या गावी

पेटीत दोन डिस्क असतात आणि दोन्हींवर तेच लिहिलं जातं, त्यामुळे बॅकअप झालाच, अशी समजूत सार्वत्रिक आहे. एक डिस्क बंद पडली तर दुसरी काम चालू ठेवते, एवढंच त्यातून मिळतं. कुणी फोल्डर पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. त्यावर उपाय म्हणजे ‘स्नॅपशॉट’: पेटी ठरावीक वेळाने साठ्याची त्या क्षणाची अवस्था जपून ठेवते आणि कालची फाइल आज परत मिळते. ही सोय असलेली पेटीच घ्या, थोडी महाग पडली तरी.

आणि मग पेटीबाहेरची प्रत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात लातूर आणि या जिल्ह्यातली गावंच्या गावं कोसळली, हजारो माणसं गेली. माणसांपुढे कागदाची किंमत काहीच नाही. पण जे वाचले त्यांना पुढे मदत, घर, वारसा यांसाठी कागदच लागले, आणि दगडमातीच्या घरांत ठेवलेलं सगळं ढिगाऱ्याखाली होतं. या जिल्ह्यात राहणाऱ्याला दुसरी प्रत त्याच छताखाली का ठेवू नये हे वेगळं पटवावं लागत नाही. धाराशिवच्या पेटीची एक प्रत रोज रात्री कळंबच्या केंद्रातल्या दुसऱ्या छोट्या पेटीवर जावी. तीच व्हीपीएनची वाट त्यासाठी वापरता येते. तिसरी प्रत एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. ती आठवड्यातून एकदा जोडायची, प्रत झाली की काढून कपाटात ठेवायची. जोडलेलीच राहिलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्रामच्याही हाती लागते.

विजेचा विचार पेटीबरोबरच करावा. लिहिणं चालू असताना वीज गेली तर साठा बिघडू शकतो. पेटीला छोटा यूपीएस लावा आणि त्याची यूएसबी केबल पेटीला जोडायला विसरू नका. ती जोडली तरच बॅटरी उतरतेय हे पेटीला कळतं आणि ती स्वतःला नीट बंद करते. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच यूपीएसवर असावा. पेटी चालू आणि राउटर बंद, अशाने उमरग्यातल्या माणसाला काय उपयोग? वीज परत आल्यावर पेटी आपोआप सुरू व्हावी अशी सोय सेटिंगमध्ये असते. ती केली नाही तर रविवारी रात्री बंद पडलेली पेटी सोमवारी कुणी कार्यालय उघडेपर्यंत तशीच राहते. आणि पेटी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात इथे पारा चाळीसच्या वर जातो, आणि डिस्कचं आयुष्य उष्णतेने घटतं.

सगळं बसवून झालं की तपासणी कार्यालयात बसून करू नका. तिथे ती नेहमीच यशस्वी होते. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि मग फोल्डर उघडा. व्हीपीएन बंद करून पुन्हा प्रयत्न करा. आता तो उघडता कामा नये. क्षेत्र गटातल्या माणसाच्या खात्याने ‘हिशेब’ फोल्डर उघडून पाहा. तिथे नकार मिळायला हवा. एक फाइल मुद्दाम पुसा आणि स्नॅपशॉटमधून परत आणा. मग कळंबच्या प्रतीतून दुसरी एक फाइल आणून ती खरोखर वाचता येते का ते बघा. राउटर बदलला, इंटरनेटची कंपनी बदलली किंवा नवा माणूस रुजू झाला, की हीच तपासणी पुन्हा करावी लागते; तिचा कागद पेटीशेजारी लावून ठेवा, आणि ती कुणी, कोणत्या तारखेला केली हे त्यावर लिहीत जा.